जगात भारी कोण? सर्वश्रेष्ठ ऑलिम्पिकपटूच्या वादाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतल्या आमच्या तालमीच्या कट्ट्यावर हा वाद ऑलिम्पिकच्या वर्षी पेटतो आणि पुढची तीन वर्षं धुमसत राहतो. तरुणपणी मी लाल मातीत अंग घुसळलं, पुढं शाळेत खेळाचा शिक्षक म्हणून नोकरी केली, त्यामुळं निकाल मागायला पोरं माझ्याकडं येतात. पॅरिसनंतर तर आठवड्यातून एकदा तरी कुणीतरी विचारतंच. तेच प्रश्न, तीच उत्तरं. म्हणून सगळं एका जागी लिहून ठेवतोय. न पटलेल्यांनी कट्ट्यावर यावं, चहा माझ्याकडून.

काका, फिरवून बोलू नका. तुमच्या मते सर्वांत श्रेष्ठ कोण?

मिहाइन लोपेझ. क्यूबाचा पैलवान, ग्रीको-रोमन कुस्तीतला. २००८ बीजिंग, २०१२ लंडन, २०१६ रिओ, कोरोनामुळं २०२१ मध्ये झालेलं टोकियो आणि २०२४ पॅरिस. सलग पाच ऑलिम्पिकमध्ये एकाच वैयक्तिक प्रकारात पाच सुवर्णपदकं. त्याच्या आधी कुठल्याही खेळात कुणालाच हे जमलं नव्हतं.

फेल्प्सकडं २८ पदकं आहेत, त्यातली २३ सोन्याची. मग विषय संपला की!

मोजणीचा विषय तिथं संपतो, मान्य. अमेरिकेचा जलतरणपटू मायकेल फेल्प्स याच्या खात्यावर २३ सुवर्णं, ३ रौप्यं आणि २ कांस्यं आहेत, आणि सोन्याच्या हिशेबात त्याच्या खालोखाल ज्यांची नावं येतात त्यांच्याकडं नऊच आहेत. नऊ आणि तेवीस! एवढं अंतर दुसऱ्या कुठल्या खेळाच्या तक्त्यात मी पाहिलेलं नाही.

पण माप कुठलं लावायचं, यावर सगळा वाद आहे. पैलवान एका ऑलिम्पिकला एकाच वजनगटात उतरतो. एक गट, एक पदक. दोन दिवसांत चार-पाच कुस्त्या, त्यातली एक गेली की सोनं गेलं, आणि पुढची संधी चार वर्षांनी. जलतरणात पल्ले वेगळे, पोहण्याच्या पद्धती वेगळ्या, वर रिले. पॅरिसमध्ये तरणतलावात ३५ शर्यती झाल्या. बीजिंगला फेल्प्सनं आठ सुवर्णं घेतली, त्यातली पाच एकट्याची आणि तीन रिलेची. २३ पैकी १० सुवर्णं रिलेची आहेत. हे सांगताना मी त्याचं काही कमी करत नाही. ज्याच्या खेळात पंगतीला आठ ताटं मांडलेली आहेत आणि ज्याच्या खेळात एकच, त्या दोघांची ताटं मोजून कुणाची भूक मोठी हे कसं ठरवायचं, एवढाच माझा प्रश्न आहे.

म्हणून मी पोरांना सांगतो, पदकं मोजू नका, ऑलिम्पिक मोजा. किती ऑलिम्पिकमध्ये, म्हणजे किती वर्षं, हा माणूस आपल्या कामात अजिंक्य राहिला? या मापानंही फेल्प्स मागच्या रांगेत जात नाही. २०० मीटर वैयक्तिक मेडलेमध्ये, म्हणजे एकाच शर्यतीत चारही पद्धतींनी पोहण्यात, २००४ ते २०१६ अशी सलग चार सुवर्णं त्याची आहेत. लोपेझची पाच. अंतर एका पावलाचं आहे, पण ते पाऊल टाकायला चार वर्षं लागतात.

म्हणजे पोहण्यातली पदकं स्वस्त असतात, असं म्हणायचंय का?

मुळीच नाही. रंकाळ्यात पाय बुडवून बसणाऱ्यालाही कळतं की २०० मीटर बटरफ्लाय म्हणजे काय प्रकरण असेल. बीजिंगमध्ये याच शर्यतीत फेल्प्सच्या गॉगलमध्ये पाणी शिरलं. समोरची भिंत दिसेना. तो हात मोजत गेला, किती हातांनंतर भिंत येणार हे त्याला पाठ होतं, आणि तसाच १ मिनिट ५२.०३ सेकंदांचा जागतिक विक्रम करून बाहेर आला. त्याच ऑलिम्पिकला १०० मीटर बटरफ्लायमध्ये सर्बियाच्या मिलोराद चाविचला त्यानं ०.०१ सेकंदानं हरवलं. आणि ४ बाय १०० फ्रीस्टाइल रिलेत तर शेवटच्या पल्ल्यात जेसन लेझॅकनं फ्रान्सच्या अलँ बर्नारला गाठलं म्हणून आठांचा आकडा पुरा झाला. तिथं सोनं फेल्प्सच्या गळ्यात पडलं ते दुसऱ्याच्या हातांमुळं, हेही लक्षात ठेवावं.

त्याच तरणतलावात त्या वर्षी आपल्या कोल्हापूरचा वीरधवल खाडे उतरला होता, वयाच्या सोळाव्या-सतराव्या वर्षी. ज्यांनी ते दिवस पाहिले त्यांना फेल्प्स लांबचा माणूस वाटत नाही.

उसेन बोल्टची सुवर्णं नऊ की आठ?

आठ. २००८ च्या ४ बाय १०० रिलेतला त्याचा जोडीदार नेस्टा कार्टर याचा नमुना पुन्हा तपासला तेव्हा उत्तेजक सापडलं, आणि २०१७ मध्ये सगळ्या संघाचं पदक गेलं. बोल्टचा त्यात दोष काही नव्हता. १०० आणि २०० मीटर या दोन्ही शर्यती त्यानं सलग तीन ऑलिम्पिकला जिंकल्या, हे मात्र कुणी काढून घेऊ शकत नाही.

बोल्टच्या बाजूनं एक मुद्दा फार वजनदार आहे आणि मी तो कधी टाळत नाही. धावणं हा जगातल्या प्रत्येक गल्लीतला खेळ आहे. त्याला मैदान लागत नाही, बूट लागत नाहीत. जगातलं प्रत्येक पोर कधी ना कधी पळालेलं असतं, म्हणजे बोल्टनं खऱ्या अर्थानं सगळ्यांना हरवलंय. लोपेझच्या बाबतीत हे म्हणता येत नाही.

लोपेझनं एवढं काय केलं? इथं तर त्याचं नाव कुणाला माहीत नाही.

खासबागेत कुस्ती बघून मोठं झालेल्या माणसाला हे समजायला वेळ लागणार नाही. आपल्या मातीतल्या कुस्तीत पट काढता येतो, ढाक लावता येते, टांग मारता येते. ग्रीको-रोमनमध्ये कमरेच्या खाली हात लावायचा नाही आणि पायानं डावही मारायचा नाही. मग राहतं काय? छाती, खांदे, मान, हात आणि कंबर. समोर १३० किलोचा गडी उभा आहे, आणि त्याला फक्त वरच्या अंगाच्या जोरावर हलवायचं, उचलायचं, फिरवायचं. तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या. जो नुसता टेकून राहतो, अंगावर येत नाही, त्याला पंच मॅटवर खाली घालतात आणि दुसऱ्याला वर बसवतात. लोपेझचं खरं राज्य तिथं होतं. खालच्याच्या कमरेला एकदा त्याची कव बसली की गुण ठरलेले.

२००४ ला अथेन्समध्ये तो पहिल्यांदा आला आणि पाचवा राहिला. ते सोनं रशियाच्या खासन बारोएवनं घेतलं. चार वर्षांनी बीजिंगच्या अंतिम कुस्तीत समोर तोच बारोएव होता, आणि लोपेझनं त्याला पाडलं. लंडनला एस्टोनियाचा हेइकी नाबी, रिओला तुर्कस्तानचा रिझा कायाल्प, टोकियोला जॉर्जियाचा याकोबी काजाया. समोरची माणसं बदलत गेली, कायाल्पसारखा कसलेला गडी दहा-बारा वर्षं त्याच्या मागं लागला, पण ऑलिम्पिकच्या मॅटवर निकाल बदलला नाही. टोकियोत त्यानं सगळ्या कुस्त्यांत मिळून समोरच्याला एक गुणही दिला नाही. वय होतं ३८.

खरा कस लागला तो पॅरिसला. टोकियोनंतर तो एकाही आंतरराष्ट्रीय स्पर्धेत उतरला नव्हता. पैलवानाला तीन वर्षं जोड न मिळणं म्हणजे काय, हे विचारायचं असेल तर आमच्या वस्तादांना विचारा. खुराक आणि जोर-बैठकांनी अंग टिकतं, पण समोरच्याच्या बळाचा अंदाज हातातून जातो. अशा अवस्थेत एकेचाळीस वर्षांचा माणूस उतरला आणि इराणच्या अमिन मिर्झाझादेला, म्हणजे २०२३ च्या जगज्जेत्याला, त्यानं वाटेत बाजूला केलं. अंतिम कुस्तीत चिलीकडून यास्मानी अकोस्ता. हा अकोस्ता मूळचा क्यूबाचाच, लोपेझबरोबर सराव केलेला. घरच्या संघात लोपेझच्या पुढं जागा मिळेना म्हणून देश सोडून गेलेला. शेवटी त्याला ऑलिम्पिकची अंतिम कुस्ती मिळाली तीही लोपेझबरोबरच. निकाल ६-०.

मग लोपेझ मॅटच्या मध्यभागी बसला, दोन्ही बूट काढले आणि तिथंच ठेवले. कुस्तीत याचा अर्थ एकच, आता पुन्हा उतरणार नाही. त्या रात्री आम्ही सहा-सात जण तालमीत एका मोबाईलभोवती बसलो होतो. बूट खाली ठेवले तसे आमच्यातले एक जुने पैलवान उठून उभे राहिले, आणि मग आम्ही सगळेच उभे राहिलो. बेचाळिसाव्या वाढदिवसाला त्याला दोन आठवडे बाकी होते.

तुम्ही कोल्हापूरचे, म्हणून पैलवानच निवडला. हा पक्षपात झाला.

कुस्ती मला कळते म्हणून लोपेझ मला दिसला, हे खरं आहे. जो खेळ अंगानं अनुभवलाय त्यातला मोठेपणा आधी कळतो. शिवाजी पेठेतले माझे फुटबॉलवाले मित्र वेगळं नाव घेतील, नेमबाजी करणारी पोरं आणखी वेगळं.

पण कुस्तीतलाच माणूस निवडायचा होता तर माझ्या पिढीला अलेक्झांडर कॅरेलिन जवळचा. रशियाचा हा ग्रीको-रोमन पैलवान तेरा वर्षं आंतरराष्ट्रीय कुस्तीत हरला नव्हता. १९८८, १९९२ आणि १९९६ चं सोनं त्याचं. २००० च्या सिडनीत अमेरिकेच्या रुलॉन गार्डनरनं त्याला १-० नं हरवलं तेव्हा मी दिवसभर कुणाशी बोललो नव्हतो. मन कॅरेलिनकडं असूनही मी लोपेझ म्हणतो, कारण चौथं सोनं कॅरेलिनला मिळालं नाही आणि लोपेझला चौथं आणि पाचवं, दोन्ही मिळाली.

विरोधातला सर्वांत जड मुद्दा मात्र तुम्हाला मीच सांगतो. ग्रीको-रोमन कुस्ती जगात थोड्याच देशांत मनापासून खेळली जाते, आणि एवढ्या वजनाचे पैलवान त्याहून थोडे. याला माझ्याकडं पुरेसं उत्तर नाही. बोल्टवाल्यांनी तिथं मला धरावं.

सलग पाच सुवर्णं दुसऱ्या कुणी जिंकलीच नाहीत का?

ब्रिटनच्या स्टीव्ह रेडग्रेव्हनं जिंकली आहेत, १९८४ ते २०००, नौकानयनात. शेवटचं सोनं तर मधुमेह झाल्यावर. पण तो दुसऱ्यांच्या जोडीनं वल्हं मारत होता. एकट्यानं, एकाच प्रकारात, असा लोपेझच.

बायकांमध्ये कोण? आणि त्यांची यादी वेगळी का करायची?

यादी वेगळी करू नये. पण एकाच तक्त्यात पदकं मोजली की बायकांवर आपोआप अन्याय होतो, कारण त्यांना दारं फार उशिरा उघडली. ॲथलेटिक्समध्ये १९२८ ला, मॅरेथॉनला १९८४ ला, आणि कुस्तीत तर थेट २००४ ला. माझ्या तरुणपणी एखादी मुलगी कुस्तीत श्रेष्ठ होऊ शकली असती की नाही हा प्रश्नच नव्हता, कारण तिला उतरूच दिलं जात नव्हतं.

ते दार २००४ ला अथेन्समध्ये उघडलं आणि जपानची काओरी इचो त्यातून आत गेली ती थेट सोन्यापर्यंत. मग बीजिंग, लंडन, रिओ. सलग चार. चार ऑलिम्पिकमध्ये ओळीनं वैयक्तिक सुवर्ण जिंकणारी ती पहिली बाई. रिओच्या अंतिम कुस्तीत ती शेवटच्या काही सेकंदांपर्यंत मागं होती. आपल्याकडं ज्या मुली आता मॅटवर उतरतायत त्यांना मी ती कुस्ती आवर्जून दाखवतो. घड्याळ संपत आलेलं असताना तिच्या चेहऱ्यावर घाई दिसत नाही, ते बघायला सांगतो.

पण माझं माप मला इचोकडं नेत असलं तरी मन नेदरलँड्सच्या फॅनी ब्लँकर्स-कोएनकडं जातं. १९३६ च्या बर्लिनला ती अठरा वर्षांची होती. मग महायुद्ध, १९४० आणि १९४४ ची ऑलिम्पिक झालीच नाहीत. खेळाडूच्या उमेदीची सगळी वर्षं अशी गेली. १९४८ ला लंडनमध्ये ती उतरली तेव्हा तिशीत होती, दोन मुलांची आई होती, आणि या वयात घरी बसून पोरं सांभाळावीत असं तिला ऐकवलं जात होतं. तिनं १०० मीटर, २०० मीटर, ८० मीटर अडथळा आणि रिले, चारही सुवर्णं जिंकली. उंच उडी आणि लांब उडीचे जागतिक विक्रमही त्या वेळी तिच्याच नावावर होते, पण तीनपेक्षा जास्त वैयक्तिक प्रकारांत उतरायला परवानगी नव्हती. आता पदकं मोजणाऱ्यांनी सांगावं, झालीच नाहीत ती दोन ऑलिम्पिक आणि उतरू न दिलेल्या दोन उड्या कुठल्या रकान्यात लिहायच्या?

जर्मनीच्या बिर्गिट फिशरचंही तसंच. कयाकिंगमध्ये पहिलं सुवर्ण १९८० ला, शेवटचं २००४ ला, मध्ये चोवीस वर्षं, एकूण आठ सुवर्णं. १९८४ ला पूर्व जर्मनीनं बहिष्कार टाकला म्हणून ती घरीच राहिली.

सोव्हिएत संघाची जिम्नॅस्ट लॅरिसा लॅटिनिना हिची १८ पदकं तर १९६४ पासून २०१२ पर्यंत, म्हणजे फेल्प्सनं मागं टाकेपर्यंत, जगात सर्वांत जास्त होती. अमेरिकेची जिम्नॅस्ट सिमोन बाइल्स हिच्याकडं ११ पदकं आहेत, त्यातली सात सोन्याची. टोकियोत हवेत असताना शरीराची दिशाच कळेना म्हणून तिनं माघार घेतली, तेव्हा आमच्याच कट्ट्यावर काहींनी तिला नावं ठेवली होती. पॅरिसला ती परत आली आणि तीन सुवर्णं घेऊन गेली. नावं ठेवणाऱ्यांपैकी एकानं नंतर सगळ्यांसमोर आपली चूक कबूल केली, हे मला फार आवडलं.

जुन्या काळी स्पर्धा सोपी होती. ओवेन्स, नुर्मी आजच्या पोरांपुढं टिकले असते का?

हा प्रश्न उलटा विचारावा. आजची पोरं त्यांच्या साधनांवर टिकली असती का? जेसी ओवेन्स १९३६ ला बर्लिनमध्ये कोळशाच्या चुऱ्याच्या धावपट्टीवर पळाला. सुरुवातीला पाय रोवायला ठोकळे नव्हते, हातात खुरपं घेऊन स्वतःच खळगे करायचे. ऑलिम्पिकमध्ये ठोकळे आले १९४८ ला. अशा पट्टीवर त्यानं १०० मीटर, २०० मीटर, लांब उडी आणि रिले जिंकली, तीही हिटलरच्या राजधानीत, एका काळ्या माणसानं.

फिनलंडचा पावो नुर्मी १९२४ ला पॅरिसमध्ये १५०० मीटर जिंकला आणि तासाभराच्या आत ५००० मीटरला उभा राहून तीही जिंकला. त्या एका ऑलिम्पिकला पाच सुवर्णं, एकूण नऊ. आपल्या काळातल्या सगळ्यांच्या किती पुढं होता, एवढं बघावं. दोन काळांची घड्याळं एकमेकांना लावू नयेत.

वस्ताद १९५२ च्या हेलसिंकीचं नाव निघालं की गप्प का होतात?

कारण त्या पंधरवड्यात आमच्या वादातली निम्मी माणसं एका गावात होती, आणि त्यात आपला एक माणूस होता.

१९ जुलै १९५२ ला हेलसिंकीच्या मैदानात मशाल घेऊन कोण आलं? पावो नुर्मी. पैसे घेऊन धावल्याच्या ठपक्यावरून त्याला १९३२ ला ऑलिम्पिकमधून बाहेर ठेवलं होतं, आणि वीस वर्षांनी, पंचावन्न वर्षांचा झालेला तो माणूस ज्योत पेटवायला धावत आला. दुसऱ्या दिवशी चेकोस्लोव्हाकियाच्या एमिल झाटोपेकनं १०,००० मीटर जिंकली. २४ जुलैला ५००० मीटर. शेवटच्या वळणावर तो चौथा होता, तिथून तो पहिला आला, आणि त्याच दिवशी त्याची बायको दाना हिनं भालाफेकीत सोनं घेतलं. मग २७ जुलैला झाटोपेक मॅरेथॉनला उभा राहिला. आयुष्यातली पहिली मॅरेथॉन! वाटेत त्यानं इंग्लंडच्या जिम पीटर्सला विचारलं, वेग बरोबर आहे का? पीटर्स म्हणाला, कमी पडतोय. झाटोपेक पुढं निघून गेला, पीटर्सला शर्यत सोडावी लागली. आठ दिवसांत तीन सुवर्णं, तिन्हींत ऑलिम्पिक विक्रम. लांब पल्ल्याच्या या तिन्ही शर्यती एकाच ऑलिम्पिकला त्यानंतर कुणी जिंकलेल्या नाहीत.

आणि त्यातल्या पहिल्या दोन शर्यतींच्या मध्ये, २३ जुलैला, कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे आणि आपल्या राजाराम कॉलेजात शिकलेले खाशाबा जाधव फ्रीस्टाइलच्या ५७ किलो गटात कांस्यपदक घेऊन उभे होते. ज्या गावात झाटोपेक पळत होता, त्याच गावात. चार वर्षांपूर्वी लंडनला ते मातीतून उठून थेट मॅटवर गेले होते, कोल्हापूरच्या महाराजांनी मदत केली होती, आणि तरीही सहावे आले होते. हेलसिंकीला जायला पैसे नव्हते. वर्गणी गोळा केली, आणि राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. १९५२ चे सात हजार. वस्ताद गप्प होतात ते या घराच्या आठवणीनं.

मग खाशाबांना तुम्ही सर्वश्रेष्ठांच्या यादीत का घेत नाही?

हा प्रश्न मला रागानंही विचारला गेलाय. खाशाबा या यादीत बसत नाहीत, आणि त्यांना ओढून बसवणं हा त्यांचा मान नव्हे. ते हरले ते जपानच्या शोहाची इशीकडून आणि सोव्हिएत संघाच्या रशीद मामेदबेयोवकडून. सोनं इशीला गेलं, रौप्य मामेदबेयोवला. त्या दिवशी जगात त्यांच्यापेक्षा दोघं भारी होते, आणि कांस्याचा अर्थ तोच असतो. पैलवान हार लपवत नाही.

त्यांची जागा दुसरीकडं आहे. स्वतंत्र भारताला वैयक्तिक ऑलिम्पिक पदक म्हणजे काय ते त्यांनी दाखवलं. पुढचं वैयक्तिक पदक यायला ४४ वर्षं लागली, १९९६ ला लिअँडर पेसचं. महाराष्ट्राला तर ७२ वर्षं वाट बघावी लागली. १ ऑगस्ट २०२४ ला राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये ४५१.४ गुणांसह कांस्य घेतलं, तेव्हा कोल्हापुरात ज्यांना नेमबाजीतलं काही कळत नव्हतं तेही रस्त्यावर आले होते.

मेजर ध्यानचंद?

भारतातला सर्वश्रेष्ठ ऑलिम्पिकपटू विचाराल तर माझं उत्तर ध्यानचंद. १९२८, १९३२, १९३६, तीन ऑलिम्पिक, तीन सुवर्णं. १९२८ ला ॲम्स्टरडॅमला पाच सामन्यांत १४ गोल त्यांचे, आणि त्या स्पर्धेत भारतावर एकही गोल झाला नाही. बर्लिनच्या अंतिम सामन्यात जर्मनीला ८-१. त्यानंतरची दोन ऑलिम्पिक युद्धानं खाल्ली. सांघिक खेळात एकाचा वाटा वेगळा काढणं अवघड, म्हणून जगाच्या वादात ते मागं पडतात.

नीरज चोप्रा?

टोकियोचं सोनं आणि पॅरिसचं रौप्य. वैयक्तिक खेळातला आजचा आपला सर्वांत मोठा माणूस. पण अजून खेळतोय, त्याचा हिशेब आत्ताच लिहू नये.

पेठेतली पोरं म्हणतात, मेस्सीकडंही ऑलिम्पिकचं सोनं आहे.

आहे, २००८ चं, अर्जेंटिनाकडून. पण पुरुषांच्या ऑलिम्पिक फुटबॉलमध्ये मोजके खेळाडू सोडले तर २३ वर्षांच्या आतलेच उतरतात. शाहू स्टेडियमवर ज्या सामन्याला माणूस जीव टाकतो, तसा फुटबॉलवाल्यांचा जीव विश्वचषकात असतो. मेस्सीचा मोठेपणा तिथं मोजा.

पदक काढून घेतलेल्यांचं काय करायचं?

कारण बघायचं. उत्तेजक घेऊन जिंकलेला माझ्या यादीत नाही, कितीही मोठं नाव असो. पण जिम थॉर्पचं प्रकरण वेगळं आहे. अमेरिकेतल्या मूळनिवासी समाजातला हा माणूस १९१२ ला स्टॉकहोममध्ये पाच प्रकारांची पेंटॅथलॉन आणि दहा प्रकारांची डेकॅथलॉन दोन्ही जिंकला. पुढच्या वर्षी, पूर्वी थोडे पैसे घेऊन बेसबॉल खेळला होता एवढ्यावरून, दोन्ही पदकं काढून घेतली. १९८२ ला ती परत दिली, पण विभागून. एकटा विजेता म्हणून त्याचं नाव पुन्हा लागलं ते २०२२ ला, म्हणजे ११० वर्षांनी. थॉर्प १९५३ लाच वारला होता. आपल्याकडं इनामाच्या कुस्त्या धरून पोट भरणारे पैलवान काही कमी झाले नाहीत. तो नियम लावला असता तर त्यातला एकही ऑलिम्पिकला गेला नसता.

पॅरालिम्पिकचे खेळाडू या वादात येतात का?

यायला हवेत. आमच्या शेजारच्या सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर सैन्यात होते, १९६५ च्या युद्धात गोळ्या लागल्या, आणि १९७२ ला हायडलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइलचं सोनं त्यांनी भारतासाठी आणलं. देशाचं पहिलं वैयक्तिक सुवर्ण तेच. अभिनव बिंद्राच्या ३६ वर्षं आधी.

मुलीच्या शाळेत वादविवाद स्पर्धेला हाच विषय आहे. तयारी कशी करून घ्यावी?

आधी तिला माप ठरवायला सांगा, खेळाडू नंतर. बहुतेक मुलं नाव निवडतात आणि मग त्याला शोभेल असं माप शोधत बसतात. परीक्षकाच्या ते लगेच लक्षात येतं. किती वर्षं अजिंक्य राहिला, त्याच्या खेळात एका वेळी किती पदकं मिळू शकतात, समोर किती तगडे लोक होते, कुठल्या अडचणीतून आला. यातलं तुला काय मोठं वाटतं आणि का, हे तिनं पहिल्या मिनिटात सांगावं. मग नाव घ्यावं.

दुसरं, समोरच्याचा सर्वांत चांगला मुद्दा तिनं स्वतःच मांडावा, जसा मी वर बोल्टवाल्यांचा मांडला. खडाखडीतच, म्हणजे कुस्तीच्या सुरुवातीच्या झटापटीतच, समोरच्याच्या बळाचा अंदाज घ्यायचा असतो. आकडे पाठ असावेत, पण तीन-चारच. २८ पदकांची यादी कुणी ऐकत नाही, पाणी भरलेल्या गॉगलची गोष्ट सगळे ऐकतात. आणि तिला लोपेझ पटत नसेल तर लोपेझवर बोलायला लावू नका. मागच्या वर्षी एका मुलीनं ब्लँकर्स-कोएनवर बोलताना माझं सगळं गणित उलटवलं होतं. बक्षीस तिलाच मिळालं.

तुमचं मत बदलेल असं काही होऊ शकतं का?

होऊ शकतं, आणि फार लांब नाही. अमेरिकेची केटी लेडेकी. २०१२ ला लंडनमध्ये पंधरा वर्षांची असताना तिनं ८०० मीटर फ्रीस्टाइल जिंकली. मग रिओ, टोकियो, पॅरिस. सलग चार. एकूण नऊ सुवर्णं, १४ पदकं. २०२८ ला लॉस एंजेलिसमध्ये ती उतरली आणि पुन्हा ८०० मीटर जिंकली, तर एकाच वैयक्तिक प्रकारात सलग पाच सुवर्णं तिचीही होतील. वर बाकीची सुवर्णं आहेतच. माझंच माप लावलं तर मला लोपेझच्या शेजारी जागा करावी लागेल, कदाचित त्याला सरकवावंही लागेल. ती शर्यत आपल्याकडं पहाटे लागली तरी मी तालमीत येणार आहे. मोबाईल छोटा पडतो, त्या वेळी कुणीतरी टीव्हीची सोय करा.